ॲनाटॉमीच्या पीएचडीच्या अटी: काही लिहिलेल्या, काही न लिहिलेल्या

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत पीएचडीच्या अर्जाची मुदत डिसेंबरात संपते. त्यामुळे गणपती उरकले की माझ्या फोनवर ओळखीची-अनोळखी मुलं उगवायला लागतात. कुणाच्या आत्याने नंबर दिलेला असतो, कुणाच्या कॉलेजातल्या सरांनी. प्रश्न ठरलेला: "ताई, ॲनाटॉमी अँड सेल बायॉलॉजीच्या डिग्रीला काय काय करावं लागतं?"

खरं तर याचं उत्तर प्रत्येक विभागाच्या नियमावलीत छापलेलं असतं. पहिली दीड-दोन वर्षं कोर्स, त्यातच तीन प्रयोगशाळांमधली रोटेशन्स, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी क्वालिफाइंग परीक्षा, एक-दोन सत्रं शिकवण्याचं काम, दरवर्षी कमिटीची बैठक, शेवटी प्रबंध आणि डिफेन्स. पाच ते सहा वर्षं. मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात मी या यादीतून पार पडले आणि आता दुसऱ्या एका राज्यात मेडिकलच्या पहिल्या वर्षाला डिसेक्शन शिकवते. यादीत सगळ्या अटी एकाच टायपात, एकाखाली एक येतात. कुठली अट नुसती सही घेऊन सुटते आणि कुठली पुढची वीस वर्षं पोट भरते, हे त्यात कळत नाही. मी सांगणार आहे ते तेवढंच.

१. नाव एक असलं तरी विभाग एक नसतो.

हाडं-स्नायू शिकवणारे आणि पेशींच्या आतली यंत्रणा शोधणारे लोक एकाच छताखाली कसे, हा प्रश्न मलाही पडला होता. कारण ऐतिहासिक आहे. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक जीवशास्त्राच्या हाती आला, तेव्हा ऊतींचे पातळ काप घेणं, ते टिकवणं, रंगवणं ही कला ॲनाटॉमीवाल्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. डॉन फॉसेट हे हार्वर्ड मेडिकल स्कूलमधले ॲनाटॉमीचे प्राध्यापक, आणि १९६० साली स्थापन झालेल्या अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीचे पहिले अध्यक्षही तेच. पुढे १९७४ चं नोबेल क्लॉड, द दूव आणि पलाडे यांना पेशीच्या अंतर्रचनेच्या कामासाठी मिळालं, तोवर या नव्या शास्त्राचा दबदबा इतका वाढला होता की अनेक ॲनाटॉमी विभागांनी आपल्या पाटीवर ते नाव चढवलं.

पाटी चढली, पण आतला तोल प्रत्येक ठिकाणी वेगळा राहिला. काही विभागांत ग्रॉस ॲनाटॉमीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या शरीररचनेचा, पूर्ण कोर्स, डिसेक्शनसकट, सगळ्यांना सक्तीचा. काही ठिकाणी तो ऐच्छिक. काही ठिकाणी संशोधन सगळं रेणूंच्या पातळीवर आणि डिसेक्शन हॉल निवृत्तीला आलेल्या दोन-तीन प्राध्यापकांच्या भरवशावर. इंडियानासारख्या विद्यापीठात ॲनाटॉमी शिकवण्यावरच संशोधन करायची वेगळी वाट आहे. तेव्हा अर्ज करण्याआधी एकच गोष्ट शोधा: ग्रॉस ॲनाटॉमी गाभ्याच्या कोर्सांत आहे की पर्यायांत? विभागाचा स्वभाव त्यावरून बराचसा उमगतो.

२. डिसेक्शनचा कोर्स टाळता येत असला तरी टाळू नका.

माझ्या तुकडीतल्या बहुतेकांना हा कोर्स म्हणजे भुर्दंड वाटायचा. आठवड्यातल्या कितीतरी दुपारी फॉर्मॅलिनच्या वासात, मेडिकलच्या मुलांसोबत, आणि तिकडे प्रयोगशाळेत जेलचे पट्टे वाट बघतायत. गाइडही कुरकुरायचे. मुंबईहून आलेला माझा एक सहाध्यायी तर म्हणायचा, "मी प्रथिनांवर काम करणार, मला मांडीतल्या नसा कशाला?"

याचं एक उत्तर शास्त्राचं आहे, एक व्यवहाराचं. शास्त्राचं आधी. ॲटलासमधली धमनी जिथे काढलेली असते तिथेच ती टेबलावर सापडेल, याची खात्री नसते. मनगटाजवळचा पामारिस लाँगस हा स्नायू अनेकांच्या हातात नसतोच. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवून मनगट जरा आत वाकवा, मधोमध ताणलेली दोरी दिसली तर तुमच्यात तो आहे. ओटीपोटाच्या खालच्या भागात ऑब्चुरेटर धमनी काहींमध्ये भलतीकडूनच फुटते, आणि हर्नियाच्या शस्त्रक्रियेत ती ध्यानात नसेल तर रक्तस्राव आवरणं कठीण होतं. सर्जन मंडळी तिला मृत्यूचा मुकुट म्हणतात. एकाच हॉलमधल्या वीस टेबलांवर फिरलं की 'नॉर्मल' या कल्पनेबद्दलचा भोळेपणा संपतो. नंतर प्रयोगशाळेत बारा उंदरांपैकी दोन वेगळे वागले की त्यांना लगेच 'चुकीचा डेटा' म्हणून बाजूला सारावंसं वाटत नाही. ही सवय मला संख्याशास्त्राच्या कोर्सने लावली नाही.

टेबलावरच्या माणसाविषयीही दोन शब्द. अमेरिकेत मेडिकल कॉलेजांना मिळणारी शरीरं मुख्यतः देहदानातून येतात. १९६८ च्या देहदानविषयक आदर्श कायद्याने राज्याराज्यांतल्या नियमांना एक सूत्र दिलं. आपल्याकडे १९४९ चा बॉम्बे ॲनाटॉमी ॲक्ट बेवारस मृतदेहांच्या प्रश्नातून आला, स्वेच्छेने होणारं देहदान नंतर वाढत गेलं. इथे बहुतेक कॉलेजांत वर्षाच्या शेवटी दात्यांसाठी स्मरणसभा होते. आमच्याकडे नातेवाईकही यायचे. एका आजींनी मला विचारलं, "माझ्या नवऱ्याचे गुडघे बघितलेस का? फार दुखायचे त्याचे." कोण कुठल्या टेबलावर होतं हे आम्हाला सांगत नसत. मी म्हटलं, सगळ्यांचे बघितले.

आता व्यवहार. अमेरिकेत गेल्या काही दशकांत मेडिकल, ऑस्टिओपॅथिक, फिजिओथेरपी, फिजिशियन असिस्टंट असे अभ्यासक्रम भराभर उघडले आणि त्या प्रत्येकाला ॲनाटॉमी शिकवणारा माणूस लागतो. पीएचडी झालेले बहुतेक जण मात्र पेशी-रेणूंतले, ज्यांनी आयुष्यात एकदाही स्कॅल्पेल धरलेलं नाही. त्यामुळे नोकरीच्या बाजारात 'ग्रॉस शिकवू शकते' हे तीन शब्द बायोडेटावर असणं म्हणजे काय, ते मला शेवटच्या वर्षी कळलं. प्रथिनंवाला माझा मित्र हुशारीत माझ्या दोन पावलं पुढे होता. तो अजून तिसऱ्या पोस्टडॉकमध्ये आहे आणि फोन केला की आधी माझ्या हॉलची चौकशी करतो.

३. बी म्हणजे पास, सी म्हणजे नापास.

आपल्याकडे साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणून पेढे वाटतात. इथे पदव्युत्तर पातळीवर सरासरी बी, म्हणजे चारपैकी ३.०, टिकवावी लागते. सी मिळाला तर बहुतेक ठिकाणी तो कोर्स पदवीसाठी धरत नाहीत, आणि सरासरी घसरली की प्रोबेशन. बायोकेमिस्ट्री कच्ची असेल तर निघण्याआधीच्या उन्हाळ्यात घरी बसून पक्की करा. पहिल्या सत्रात वेळ मिळत नाही.

४. गाइड निवडताना विज्ञान शेवटी बघा.

महाराष्ट्रात माझ्या बरोबरीच्या मुलांना गाइड बऱ्याचदा जागा रिकामी असेल तसा मिळाला. इथे आठ-दहा आठवड्यांची तीन रोटेशन्स असतात आणि दोन्ही बाजूंनी होकार यावा लागतो. थोडक्यात, बघण्याचे कार्यक्रमच, फक्त पोहे मिळत नाहीत. मुलं या काळात प्रयोग किती जमला याची काळजी करतात. गाइडला त्याचं फारसं काही नसतं, आठ आठवड्यांत कुणाचाच प्रयोग जमत नाही हे त्याला ठाऊक असतं.

तुम्ही बघायच्या गोष्टी वेगळ्या. आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले आणि आता कुठे आहेत? अनुदान कधी संपतंय? एनआयएचचं (अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेचं) नेहमीचं मोठं अनुदान चार-पाच वर्षांचं असतं, तुम्ही दुसऱ्या वर्षी रुजू व्हाल तेव्हा त्यातली किती उरली असतील, हे सरळ विचारा. आपल्याला पैशांचं विचारायला संकोच वाटतो. इथे तो प्रश्न कुणी उद्धट मानत नाही, उलट न विचारणाऱ्याचं नवल वाटतं. आणि सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलायचं ते प्रयोगशाळेच्या बाहेर, एकेकट्याला गाठून. चौघांत सगळेच गाइडचं गुणगान करतात. एका प्रयोगशाळेतली मुलगी मला एवढंच म्हणाली, "रविवारी दुपारी येऊन बघ, किती गाड्या उभ्या असतात." मी गेले, गाड्या मोजल्या आणि दुसरीकडे रुजू झाले.

५. क्वालिफाइंगमध्ये तुम्हाला काय येत नाही, तिथवर नेतात. न्यायलाच बसलेले असतात.

पूर्वी ही परीक्षा म्हणजे सलग दिवसांचे लेखी पेपर असायचे, काही विभागांत अजूनही असतात. आता बऱ्याच ठिकाणी संशोधनाचा प्रस्ताव लिहून तो पाच जणांच्या कमिटीपुढे तोंडी पेलायचा असतो. प्रस्ताव एनआयएचच्या विद्यार्थी-फेलोशिपच्या धर्तीवर: एका पानात उद्दिष्टं, सहा पानांत आराखडा. गंमत अशी की ती फेलोशिप अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच मिळते. म्हणजे जिच्यासाठी आपल्याला अर्जच करता येत नाही, तिचा अर्ज लिहून आपण पास व्हायचं! चडफडण्यात अर्थ नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनची पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठीची फेलोशिप एफ-१ व्हिसावरच्यांनाही खुली असते. विषय हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांकडे वळवता येत असेल तर तीच सहा पानं थोडी फिरवून तिकडे पाठवा.

एका पानाच्या त्या उद्दिष्टांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. सगळ्यात मोठी गोम अशी की दुसरं उद्दिष्ट पहिल्याच्या यशावर टेकलेलं असतं. पहिलं फसलं की दोन वर्षं पाण्यात. कमिटी हे पहिल्या पाच मिनिटांत हेरते.

माझा विषय श्वान पेशी, म्हणजे नसांतल्या तंतूंभोवती मायलिनचं आवरण गुंडाळणाऱ्या, आणि त्यांच्यावरचं एक औषध; प्रयोग उंदरांवर. कमिटीतल्या चौघांनी संकेतमार्ग, प्रतिपिंडं, नियंत्रण-गट असं अपेक्षेप्रमाणे विचारलं. पाचवे जुन्या वळणाचे ॲनाटॉमिस्ट होते. त्यांनी माझे सहाही कागद पालथे घातले आणि खडू पुढे केला. म्हणाले, "सायॅटिक नस आडवी काप. काय दिसतं ते काढ."

मी काढलं. बाहेरून एपिन्यूरियम, आत गठ्ठ्यागठ्ठ्याभोवती पेरिन्यूरियम, त्याच्याही आत एकेका तंतूभोवती एंडोन्यूरियम. हिस्टॉलॉजीच्या कोर्सात ही स्लाइड इतक्यांदा बघितली होती की हात आपोआप चालला. ते म्हणाले, "आता तुझं औषध शेपटीच्या शिरेतून टोचलंस. ते तुझ्या पेशीपर्यंत कसं पोचेल, ते याच चित्रात दाखव." पेरिन्यूरियमच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात, आतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीही तशाच, आणि दोन्ही मिळून रक्त आणि नस यांच्यामधला अडसर तयार होतो. औषधाचा रेणू लहान आणि मेदात विरघळणारा होता, म्हणून तो जाईल असं मी सांगितलं. जाईल हे सिद्ध करणारा एक छोटा प्रयोग तिथल्या तिथे फळ्यावर मांडला. पुढे प्रबंधातलं तेच पहिलं चित्र झालं.

पेशी डिशमध्ये वाढवली की तिला पत्ता राहत नाही. तो पत्ता विचारणारं एक तरी माणूस कमिटीत असू द्या. जुन्या प्राध्यापकांना 'आता कालबाह्य' म्हणून टाळण्याची एक फॅशन विद्यार्थ्यांत आहे. ती मला पटत नाही.

६. सचोटीचा कोर्स झोपत काढू नका.

एनआयएचच्या पैशावर शिकणाऱ्यांना संशोधनातल्या जबाबदार वर्तनाचं किमान आठ तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. सगळे ते सही करून उरकतात. आपल्या विषयाशी मात्र त्याचं नातं जवळचं आहे, कारण आपला पुरावा बहुतेक वेळा चित्र असतो. जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीने २००२ पासून स्वीकारलेल्या पेपरांमधल्या चित्रांची तपासणी सुरू केली, तेव्हा कळलं की पार्श्वभूमी 'जरा स्वच्छ' करण्याची सवय किती लोकांना आहे. मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवा, तारखेसह. वापरत असलेली पेशीमालिका खरोखर तीच आहे का, याची डीएनए तपासणी करून घ्या. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या शरीरातून घेतलेल्या हेला पेशींनी जगभरच्या किती डिशमध्ये घुसखोरी केली, याच्या कहाण्या त्याच कोर्सात ऐकायला मिळतात.

प्राण्यांवरच्या प्रयोगांची परवानगी हाही कागदी सोपस्कार वाटतो. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वं, म्हणजे पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा, त्या अर्जाच्या प्रत्येक प्रश्नामागे आहेत. अर्ज मंजूर व्हायला महिने जातात. गाइडच्या जुन्या परवानगीत तुमचा नवा प्रयोग बसतो का, हे रोटेशन संपताच बघा.

७. शिकवण्याआधी तुमचं इंग्रजी तपासतात.

टोफेल उत्तम असला तरी अनेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याला वर्गावर पाठवण्याआधी बोलण्याची वेगळी चाचणी घेतात. काही राज्यांत तसा कायदाच आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना हा अपमान वाटतो. वाटू द्या, आणि चाचणी द्या. आपली अडचण व्याकरणाची नसते, वेगाची असते. हळू बोललं की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं आघाताचं: आपण शब्दातल्या ज्या अक्षरावर जोर देतो, तिथे ते बऱ्याचदा देत नाहीत.

८. पेपरची अट कुठेही लिहिलेली नसते, म्हणून ती सगळ्यात कडक.

भारतात यूजीसीने २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापून येण्याची सक्ती काढून टाकली. आधी सक्ती होती तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या मासिकांचं कसं फावलं, हे आपण बघितलं आहे, त्यामुळे तो निर्णय मला योग्य वाटतो. अमेरिकेत अनेक विभागांच्या नियमावलीतही पेपरचा उल्लेख नसतो किंवा 'अपेक्षित' एवढाच मोघम शब्द असतो. प्रत्यक्षात चौथ्या वर्षीच्या बैठकीत कमिटीचा पहिला प्रश्न तोच असतो. पहिलं नाव तुमचं असलेला किमान एक पेपर समीक्षेला गेल्याशिवाय डिफेन्सची तारीख मिळणं अवघड. तेव्हा प्रत्येक प्रकरण लिहितानाच पेपरच्या घाटात लिहा. बऱ्याच ठिकाणी तीन पेपर आणि पुढेमागे एकेक प्रस्तावना-समारोप, असा प्रबंध चालतो.

९. कमिटीच्या प्रत्येक बैठकीनंतर त्याच रात्री काय ठरलं ते ईमेलने सगळ्यांना कळवा. तोंडी आश्वासनं दीड वर्षाने कुणालाही आठवत नाहीत.

१०. ही पदवी कुठल्या दाराची किल्ली नाही, तेही माहीत हवं.

अमेरिकेत ॲनाटॉमीचा एक-दोन वर्षांचा, स्वखर्चाचा मास्टर्सही मिळतो. इथल्या मुलांना तो मेडिकलच्या प्रवेशासाठी पायरी म्हणून उपयोगी पडतो. पण इथली बरीच मेडिकल कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांना घेतच नाहीत, त्यामुळे डॉक्टर व्हायच्या आशेने शेतजमीन गहाण टाकून कुणी या कोर्सला येऊ नये. पीएचडीत फी माफ होते, वर विद्यावेतन मिळतं. मधेच सोडावं लागलं तर अनेक ठिकाणी मास्टर्स घेऊन बाहेर पडता येतं. त्यात नामुष्की काही नाही. माझ्या ओळखीतले दोघे तसे बाहेर पडले आणि आज बायोटेक कंपनीत आमच्याहून जास्त कमावतात.

परत येण्याचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रातल्या मेडिकल कॉलेजांत ॲनाटॉमी शिकवायला पहिला मान एमबीबीएसनंतर तीन वर्षांची एमडी केलेल्यांचा. एमएस्सी-पीएचडीवाल्यांसाठी किती जागा ठेवायच्या, हा नियम गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा बदलला आहे. त्या वर्षीचा नियम वाचल्याशिवाय इथलं बिऱ्हाड मोडू नका. सांगलीहून एका मुलाच्या वडिलांनी मला विचारलं होतं, "म्हणजे एवढं शिकून शिकवता येणार नाही?" शिकवता येईल, पण कुठे ते आधी बघा, असंच मी त्यांना सांगितलं.

११. डिफेन्सची तारीख गाइडच्या आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात सांगा.

डिफेन्समध्ये सहसा कुणी नापास होत नाही. नापास होण्यासारखी स्थिती असेल तर कमिटी तारीखच देत नाही. तासभर खुलं व्याख्यान, मग दार लावून प्रश्न, मग केक. खरी दमछाक त्यानंतर. ग्रॅज्युएट स्कूलमध्ये समास, पानांचे क्रमांक, चित्रांखालच्या ओळी यांवरून प्रबंध परत येतो. पेटंट किंवा न छापलेला पेपर असेल तर प्रबंध किती काळ झाकून ठेवायचा, याचा फॉर्म वेगळा.

आणि या सगळ्याच्या मागे व्हिसाचं घड्याळ चालू असतं. शिक्षणानंतर काम करण्याच्या परवानगीचा, म्हणजे ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो आणि संपल्यानंतर ६० दिवसांच्या आत तो पोचावाच लागतो. वर्षभराच्या परवानगीला आपल्या विषयात आणखी २४ महिन्यांची जोड मिळू शकते. अभ्यासक्रम 'संपला' ती तारीख डिफेन्सची, प्रबंध जमा केल्याची, की सत्राच्या शेवटची, हे तुमचा गाइड ठरवत नाही आणि बहुतेक वेळा त्याला ते माहीतही नसतं. तारीख मे महिन्यात टाकायची की ऑगस्टमध्ये, यावर पुढच्या नोकरीचा पहिला पगार अवलंबून असतो. ओपीटीचा फॉर्म भरून हातात ठेवा आणि मगच पाचही जणांना विचारा की अमुक मंगळवारी दुपारी दोन वाजता ते मोकळे आहेत का. पाच प्राध्यापक एकाच वेळी मोकळे सापडायला साधारण महिना लागतो.